मुलांचा स्कुबा आणि समुद्रसेवेचा समर प्रोग्राम: या चुका टाळा

स्कुबा शिकायचं आणि त्याच ट्रिपमध्ये समुद्रासाठी काहीतरी खरं काम पण करायचं, असे टीनएजर्ससाठीचे समर प्रोग्राम आता बरेच निघालेत. कॅरिबियनमधली बेटं, बहामाज, फिजी, थायलंड, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी मुलं दोन-तीन आठवडे राहतात, डायव्हिंगचं सर्टिफिकेट घेतात, प्रवाळाच्या नर्सरीत काम करतात, मासे मोजतात, किनारे साफ करतात. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे बिघडतं, कधी फॉर्म भरताना आई-बाबांची घाई, कधी खाली उतरताना मुलाची, आणि कधी प्रोग्रामवाल्यांचीच, की मूल पाण्यात नीट स्थिर राहायला शिकायच्या आधीच त्याच्या हातात ब्रश देऊन प्रवाळाजवळ पाठवायचं. ही शेवटची सगळ्यात वाईट, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

मेडिकल फॉर्मवर सरसकट "नाही" टिक करणं

डायव्हिंगचं सर्टिफिकेट देणाऱ्या पॅडी, एसएसआय अशा बऱ्याच मोठ्या संस्था साधारण एकसारखाच मेडिकल फॉर्म वापरतात. त्यात दमा, फिट्स, फुप्फुसाचा त्रास, कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन, डायबेटीस, मानसिक आरोग्य, चालू असलेली औषधं हे सगळं विचारलेलं असतं, आणि ठरावीक प्रश्नांना "हो" आलं की डॉक्टरची सही लागते. आता होतं काय, की आई-बाबांना भीती वाटते, एक "हो" लिहिलं तर पोराला घेणारच नाहीत, आणि मग लहानपणचा दमा, अधूनमधून लागणारा इनहेलर, एडीएचडीची गोळी, सगळं गाळून टाकतात. हे करू नका, प्लीज. हा फॉर्म निव्वळ कागदोपत्री सोपस्कार नाहीये. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो, आणि श्वासनलिका आकसलेली असेल तर ती हवा बाहेर पडायला वाटच मिळत नाही. दम्याचा प्रश्न फॉर्मवर आहे तो यासाठी. "हो" लिहिलं म्हणजे नकार असं पण नाही, डॉक्टरांनी तपासून सही दिली की अनेक मुलांना डायव्ह करता येतं.

याच्या उलटी गडबड पण होते. मूल पहिल्या दिवशी तिथे पोचून प्रामाणिकपणे "हो" लिहितं, डॉक्टरची सही जवळ नसते, आणि बाकीचा ग्रुप पाण्यात जाताना ते बोटीवर बसून राहतं. यावर उपाय एकदम सोपा आहे, निघायच्या दीड-दोन महिने आधी फॉर्म मागवून घ्या, मुलाला शेजारी बसवून भरा कारण कधी कधी त्यालाच जास्त माहिती असते (रात्री कान दुखतो ते सांगितलेलंच नसतं), शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा आणि सही केलेली मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा.

"त्याला पोहता येतं की" म्हणून सोडून देणं

पूलमध्ये उड्या मारणं वेगळं. पॅडीच्या ओपन वॉटर कोर्सला न थांबता २०० मीटर पोहावं लागतं, वेळेचं बंधन नाही आणि कुठलाही स्ट्रोक चालतो, आणि १० मिनिटं कशालाही न धरता तरंगून राहावं लागतं. मुलं अडकतात ती या १० मिनिटांत, कारण धडपडून दमतात. जायच्या आधी तीन-चार आठवडे हेच करून घ्या, पाठीवर शांत पडून राहायचं, हातपाय मारायचे नाहीत. ज्याला हे जमलं त्याला पुढे सिलेंडर पाठीवर असताना पण घाबरायला होत नाही.

तसंच थिअरीचं. ई-लर्निंग "तिथे जाऊन करू" म्हणून ठेवलं की झालं, तिथे इंटरनेट धड नसतं, दिवसभर पाण्यात काढून संध्याकाळी डोळे मिटत असतात, आणि ग्रुप पुढे निघून जातो. जमलं तर थिअरी आणि पूलचा भाग दोन्ही घराजवळच्या डायव्ह सेंटरमधून करून घ्यायचे आणि प्रोग्राममध्ये फक्त समुद्रातले चार ट्रेनिंग डायव्ह करायचे, याला रेफरल म्हणतात आणि पॅडीत ते साधारण वर्षभर चालतं. मला विचाराल तर हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण मग तिथले दिवस खऱ्या कामाला उरतात.

वयाचं पण आधी बघून घ्या. पॅडीत १० ते १४ वयाला ज्युनियर कार्ड मिळतं, त्यात १२ ते १४ च्या मुलांना १८ मीटरपर्यंत जाता येतं पण सोबत सर्टिफाइड मोठी व्यक्ती पाहिजे, आणि १० ते ११ ची मुलं १२ मीटरच्या खाली जात नाहीत. पंधराव्या वर्षापासून नेहमीचं कार्ड. म्हणजे तेरा वर्षांची दोन मुलं एकमेकांची बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, म्हणून एकटी जाऊ शकत नाहीत, आणि प्रोग्रामला हे विचारायचं की प्रत्येक डायव्हला मोठं माणूस कोण असणार, किती मुलांमागे एक. समुद्रात शिकवताना एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी असा पॅडीचा नियम आहे, पण तो वरचा आकडा झाला, लहान आणि नवीन मुलांसाठी ४ च्या आसपास असलेलं केव्हाही बरं.

कान

नवीन डायव्हर्सना सगळ्यात जास्त त्रास कानांचा होतो, आणि तो जवळजवळ नेहमी टाळता येण्यासारखा असतो. चित्र ठरलेलं आहे. दोर धरून सगळे खाली चाललेत, तीन मीटरवर एकाचा कान दुखायला लागतो, खाली बघतो तर बाकीचे वाळूवर गुडघे टेकून याच्याकडेच बघतायत, मग तो नाक दाबून जोरात फुंकतो, नाही उघडला की अजून जोरात, आणि तसाच खाली जातो. इथेच पडद्याला इजा होते.

करायचं असं: पाण्यावर असतानाच एकदा कान मोकळे करायचे, मग खाली जाताना दर अर्ध्या मीटरला हलकेच, दुखायच्या आधी. दुखल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो. पाय खाली डोकं वर अशा स्थितीत उतरलं की सोपं जातं. नाक दाबून हळू फुंकणं जमत नसेल तर नाक दाबून गिळून बघायचं, काही मुलांना तेच लागू पडतं. तरी नाही उघडला तर एक मीटर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा, आणि हाताचा पंजा आडवा हलवून मग कानाकडे बोट दाखवायचं, म्हणजे इन्स्ट्रक्टरला कळतं. कोणीही ओरडणार नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाही, विषय संपला. नाक मोकळं करायचं औषध घेऊन गेलं आणि त्याचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि तेव्हा खाली थांबून राहायचा पर्याय नसतो.

आणि हे मुलाला घरीच सांगून पाठवा, की कुठलाही डायव्हर कुठलाही डायव्ह कधीही, कारण न देता रद्द करू शकतो, हा जगभरातल्या डायव्हिंगमधला पाळला जाणारा संकेत आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला दहा मित्रांसमोर "मी आज नाही जात" म्हणायला फार धैर्य लागतं. ते आई-बाबांनी आधीच मान्य केलेलं असेल तर पैसे वाया गेल्याची भीती तरी त्याच्या डोक्यात राहत नाही.

मास्कचं थोडक्यात. नवीन मास्कवर धुकं येतं कारण काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून धुवा. पाणी शिरत असेल तर आधी केसांची बट अडकली का बघा, मग पट्टा सैल करून बघा, बरेच जण उलटं करतात, अजून आवळतात आणि कड मुडपते. घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने हवा ओढायची, चिकटून राहिला तर बसला. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी करून घ्या, नाहीतर मासे मोजायच्या कामात मूल दिसेल तेवढंच मोजणार.

स्थिर राहता येत नसताना प्रवाळाजवळ जाणं

आता मुख्य मुद्दा. प्रवाळ नर्सरीत पाण्यात उभी केलेली पाइपची झाडं असतात, त्यांना प्रवाळाचे छोटे तुकडे दोरीने टांगलेले असतात, आणि मुलांचं काम साधारण असतं की पाइपवरचं आणि दोरीवरचं शेवाळ ब्रशने काढायचं. ऐकायला सोपं. पण ब्रश घासला की शरीर मागे ढकललं जातं, मूल तोल सावरायला पाय मारतं, पायातला फिन लागून मागचे दोन तुकडे तुटतात, खाली वाळू उडते ती बाकीच्यांवर बसते. मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटरच वाढतात. नैसर्गिक रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, एक लाथ म्हणजे किती वर्षांचं नुकसान ते बघा, आणि ते पण सेवेच्या नावाखाली.

बहुतेक वेळा मूळ कारण असतं जास्तीचं वजन. नवीन मूल पटकन खाली जावं म्हणून कमरेला दोन शिसं जास्तीची लावतात, मग ते बुडू नये म्हणून जॅकेटमध्ये हवा भरत राहतं, ती हवा खोलीनुसार कमीजास्त होते आणि मूल वरखाली होत राहतं, पाय नेहमी खाली लोंबकळलेले. वजन तपासायची पद्धत साधी आहे, जॅकेट रिकामं करून नेहमीसारखा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला पाहिजे आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला पाहिजे. सिलेंडर भरलेला असताना बघत असाल तर शेवटी तो हलका होतो म्हणून सुमारे २ किलो वाढवायचं. हे फक्त पहिल्या दिवशी करून भागत नाही, वेटसूट बदलला, गोड्या पाण्याच्या पूलमधून समुद्रात आलात, तर परत करायचं. (इथे श्वास धरायचा तो फक्त पाण्यावर, खाली सिलेंडरमधून श्वास घेताना श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम.)

म्हणून प्रोग्राम निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारेन: सर्टिफिकेट मिळाल्यावर प्रवाळाच्या कामाआधी बॉयन्सीच्या, म्हणजे पाण्यात स्थिर राहण्याच्या, सरावाला किती डायव्ह ठेवलेत? उत्तर "लगेच दुसऱ्या दिवशी नर्सरी" असेल तर तो प्रोग्राम नको. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाच्या मरीन पार्कमध्ये तर प्रत्येक डायव्हरला आधी ओरिएंटेशन आणि एक चेक डायव्ह करावा लागतो, आणि ग्लोव्हज घालायला बंदी आहे, कारण हातात ग्लोव्हज असले की माणूस बिनधास्त धरतो. चांगला प्रोग्राम कच्च्या मुलांना आधी पाण्याबाहेरचं काम देतो, किनाऱ्यावर कचरा गोळा करून मोजणं, नर्सरीचे दोर बांधून देणं, माशांची ओळख पाठ करणं. त्यात कमीपणा काही नाही, ते काम तितकंच लागतं.

फोटोपुरती सेवा

वेबसाइटवर सगळेच हिरवे निळे फोटो असतात. विचारायचं हे, की मुलं नसतात तेव्हा उरलेले दहा महिने हे काम कोण करतं. स्थानिक संस्था असेल, ती वर्षभर तेच करत असेल, तर मुलांची मदत तिच्या कामात जाऊन मिसळते. मासे मोजले तर ते आकडे कुठे जातात? १९९६ मध्ये सुरू झालेली रीफ चेक ही संस्था जगभर ठरलेल्या पद्धतीने रीफची पाहणी करते, तशा कुठल्या पद्धतीने शिकवणार असतील तर उत्तम. नुसतं "आज आम्ही खूप मासे पाहिले" याला सर्व्हे म्हणत नाहीत.

काही कामं चांगली दिसतात पण चुकीची असतात. तिवरांची रोपं ओहोटीला दिसणाऱ्या चिखलात किंवा समुद्री गवतावर लावली की बहुतेक मरतात आणि गवताचं नुकसान वेगळं. कासवाची पिल्लं हातात घेऊन फोटो काढू देणारा कार्यक्रम टाळाच, आणि रात्री घरट्यांच्या किनाऱ्यावर पांढरा टॉर्च, फ्लॅश नाही, लाल दिवा पण विचारूनच. समुद्रतळाचा कचरा काढताना ज्या जाळ्यावर किंवा बाटलीवर प्रवाळ किंवा स्पंज वाढलाय तिला हात लावायचा नाही, ते आता कोणाचं तरी घर झालंय.

कॅरिबियनला जात असाल तर अजून एक. २०१४ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसलेला प्रवाळांचा एक रोग, ज्यात प्रवाळाचा जिवंत थर सुटून जातो, तो पुढे कॅरिबियनभर पसरला. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना गियर नुसतं पाण्यात बुडवून भागत नाही, तिथल्या पार्कने सांगितलेल्या पद्धतीने निर्जंतुक करायचं. कंटाळा येतो, पण करायचं. सनस्क्रीनचं पण तसंच, ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीमं हवाईमध्ये २०२१ पासून विकायलाच बंदी आहे, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) घाला म्हणजे क्रीम फक्त चेहऱ्यापुरतं लागतं.

परतीचं विमान आणि इन्शुरन्स

तिकीट आई-बाबा काढतात आणि डायव्हचं वेळापत्रक प्रोग्राम ठरवतो, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, इथे गोची होते. डायव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, त्याआधी विमानाने उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅनच्या सूचना अशा, की एकच साधा डायव्ह झाला असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक दिवस किंवा अनेक डायव्ह झाले असतील तर किमान १८ तास. प्रोग्राममध्ये यातली दुसरी परिस्थिती असते, म्हणून पूर्ण २४ तास धरूनच तिकीट काढा. शेवटच्या कोरड्या दिवशी उंच डोंगरावरची ट्रिप ठेवली असेल तर तीही विचारून घ्या, उंचीचा परिणाम तिथेही होतोच.

साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कुबा बऱ्याचदा वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचा, प्रेशर चेंबरचा (बुडबुड्यांच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) आणि तिथवर नेण्याचा खर्च धरलाय का बघा. अटलांटिकमध्ये वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, म्हणजे तिथले समर प्रोग्राम बरोब्बर त्यातच येतात, तेव्हा रद्द झालं तर काय आणि मुलांना हलवायचं तर कुठे, हे लेखी घ्या. मूल एकटं प्रवास करणार असेल तर दोन्ही पालकांचं संमतीपत्र पण लागू शकतं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, चक्कर, कातडीवर चट्टे, कारण नसताना प्रचंड थकवा, यातलं काही असेल तर "प्रवासाचा शीण असेल" म्हणून झोपवू नका. लगेच डॉक्टरकडे न्या आणि पहिलं वाक्य हे सांगा की हा या आठवड्यात स्कुबा करून आलाय, शेवटचा डायव्ह कधी आणि किती खोल होता ते त्याच्या लॉगबुकातून दाखवा, आणि डॅनच्या इमर्जन्सी नंबरवर पण फोन लावा.