‘ड्यू’ आणि ‘ओव्हरड्यू’: मराठी माध्यमातून मुंबईच्या ऑफिसात येणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकून मुंबईत हिशेबाच्या नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात अडवतात ते अवघड शब्द नव्हेत. ‘डिप्रिसिएशन’ कॉलेजातच घोकून झालेलं असतं आणि त्याचा अर्थही कुठे फारसा बदलत नाही. घोळ घालतात ते रोजचे, बारके शब्द. फोर्टमधल्या एका ऑफिसात मी वसुलीचं टेबल सांभाळते. नवीन मुलं आली की सुरुवातीला माझ्याकडेच बसवतात, आणि मी त्यांना पहिला शब्द देते तो ‘ड्यू’.

त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात एका नव्या मुलाने एका जुन्या पार्टीला मेल टाकला, ‘युवर पेमेंट इज ओव्हरड्यू’. अर्ध्या तासात त्यांच्या अकाउंटंटचा फोन. “अहो मॅडम, तारीख परवाची आहे ना? मग आत्तापासून थकबाकीदार कसे ठरवता आम्हाला?” माणूस बरोबर बोलत होता. मुलगा मात्र गोंधळला. “मॅडम, पैसे बाकीच आहेत ना पण?”

बाकी आहेतच. मराठीत आपण सगळ्याला ‘बाकी’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजी हिशेबात तिथे तीन पायऱ्या आहेत. समजा, बिल १ जूनचं आणि उधारी ३० दिवसांची. मग १ जूनपासूनच ती रक्कम ‘आउटस्टँडिंग’ झाली, म्हणजे येणं आहे, पण मागायचा हक्क अजून नाही. १ जुलैला ती ‘ड्यू’ होते. २ जुलै उजाडला आणि पैसे आले नाहीत, की ‘ओव्हरड्यू’. पहिल्या पायरीवर पाठवायची ती नुसती आठवण, तिसरीवर पाठवायचा तो तगादा. दोन्हींची भाषा एक ठेवली तर पार्टी दुखावते, आणि दुखावलेली पार्टी पैसे आणखी उशिरा देते. (कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ‘आउटस्टँडिंग’ला ढाल मिळते. आमच्या यादीत ‘आउटस्टँडिंग पार्टी’ म्हणजे जिचे पैसे अजून यायचेत ती.)

ड्यू डेट ठरवणं दर वेळी दोन्ही बाजूंच्या मर्जीवर नसतं, हेही लक्षात असू द्या. माल देणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार करूनही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. म्हणून बिलावर ६० दिवस छापलेले दिसले की आधी माल देणाऱ्याची नोंदणी बघायची.

आता शब्दाकडे. ‘ड्यू’, ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य, हे तिन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत, आणि त्याचा अर्थ ‘देणं लागणं’. हे एकदा कळलं की विखुरलेले अर्थ एका दोऱ्यात येतात. पैसा देणं लागतो, तसा मानही देणं लागतो. म्हणून ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचा मान राखून. ऑफिसात हे शब्द कानावर आले की पुढे विरोधच येणार, असं समजून चाला. अर्जावर ‘ड्यूली फिल्ड अँड साइन्ड’ असतं ते ‘रीतसर भरून, सही करून’. ‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे यथावकाश. सरकारी पत्रात हे आलं तर उत्तराची वाट बघत बसू नका, आठवड्याने स्वतःच फोन करा.

कायद्यातही हाच ‘रीतसर’ अर्थ चालतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १६ मध्ये ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ आहे, म्हणजे एखाद्यावरच्या वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन त्याच्याकडून करार करवून घेणं. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्यात, कलम ९ मध्ये ‘होल्डर इन ड्यू कोर्स’ येतो. तिथे ‘यथावकाश’ लावलंत तर वाक्य वेडंवाकडं होईल. मोबदला देऊन, मुदत उलटण्याआधी आणि देणाऱ्याच्या हक्कात काही खोट आहे अशी शंका यायला कारण नसताना ज्याच्या हाती चेक आला, तो हा माणूस. बी.कॉम.ची मुलं ही व्याख्या पाठ करतात, पण तिच्यातला ‘ड्यू’ आणि बिलावरचा ‘ड्यू’ भाऊ-भाऊ आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही.

तिसरा अर्थ अपेक्षेचा. गाडी नऊला ‘ड्यू’ आहे, वहिनींची ‘ड्यू डेट’ मार्चमधली आहे, अमुक जण प्रमोशनला ‘ड्यू’ आहेत. दुसरं वाक्य आपण मराठीत बोलतोच, त्यामुळे तो अर्थ वेगळा शिकावा लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका ‘ड्यू टू’मध्ये होतात. त्याच्यापुढे नाम आलं तर अर्थ ‘मुळे’, क्रियापद आलं तर ‘होणार आहे’. ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’ म्हणजे उशीर पावसामुळे झाला. ‘द ट्रेन इज ड्यू टू लीव्ह अ‍ॅट नाइन’ म्हणजे गाडी नऊला सुटायची आहे, इथे कारणाबिरणाचा संबंध नाही. जुन्या वळणाचे साहेब वाक्याच्या सुरुवातीला ‘ड्यू टू’ दिसलं की लाल पेन काढतात, तिथे ‘ओइंग टू’ हवं म्हणतात. आज दोन्ही चालतं. तरी त्या साहेबांसाठी ‘बिकॉज ऑफ’ लिहा, वाद मिटतो.

शब्द पाठ करायला पुस्तक आणू नका, कागद गोळा करा. सोसायटीच्या फलकावर मेंटेनन्सच्या ‘ड्यूज’ची यादी लागते, विजेच्या बिलावर ड्यू डेट असते, वाचनालयाचं पुस्तक ‘ओव्हरड्यू’ होतं, कॉलेज सोडताना ‘नो ड्यूज’ लागतं. वहीत एकटा शब्द आणि समोर अर्थ असं लिहू नका. शेजारच्या शब्दासकट अख्खा तुकडा उतरवा आणि तो कुठल्या कागदावर सापडला तेही लिहा. कोश घ्यायचा तर शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी असा कोश १९४२ मध्ये तिथे काढला, पुढे १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने छापला. त्याच्या आजच्या आवृत्तीत शब्दापुढे काय येतं तेही वाक्यासकट दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोशात ‘देय, योग्य’ एवढंच मिळालं तर मेल काही लिहून होत नाही.

उच्चाराची फार चिंता नको. ‘ड्यू’ म्हणा, अमेरिकन पार्टी ‘डू’ म्हणेल, संदर्भावरून कळतं.

‘ड्यू’ अंगवळणी पडला की मी मुलांना ‘चार्ज’ देते. तो तर मराठीत कधीच मुरलाय: मोबाइल चार्ज, बँकेचे चार्जेस, पोलिसांची चार्जशीट, लाठीचार्ज, नव्या साहेबांनी घेतलेला चार्ज. वही उघडा आणि या पाचांत सामाईक काय आहे ते आधी स्वतः शोधा, मग कोश बघा.