वॉटर्लूनंतर ब्रिटनने फ्रान्सचा मुलूख का घेतला नाही, हा प्रश्न कसा अभ्यासावा

१८१५ मध्ये ब्रिटिश आरमाराला जगात तोड उरली नव्हती आणि फ्रान्सचा सम्राट नेपोलियन वॉटर्लूच्या लढाईत कायमचा पराभूत झाला होता. तरीही इंग्लिश खाडीपलीकडच्या फ्रान्सचा वीतभरही मुलूख ब्रिटनने स्वतःकडे घेतला नाही. ‘सत्तासमतोल राखण्यासाठी’, म्हणजे युरोपात कोणतेही एक राष्ट्र वरचढ होऊ नये म्हणून, एवढ्या उत्तरावर विद्यार्थ्याने थांबू नये.

सुरुवात नकाशापासून करावी. १८१४-१५ च्या तहांनुसार ब्रिटनने काय ठेवले आणि काय परत केले, हे त्यावर दोन रंगांत दाखवावे. माल्टा, उत्तर समुद्रातील हेलिगोलंड, दक्षिण आफ्रिकेतील केप, सिलोन आणि मॉरिशस ब्रिटनकडे राहिले व आयोनियन बेटे त्याच्या संरक्षणाखाली आली. उलट मार्टिनिक, ग्वाडलूप आणि रियुनियन फ्रान्सला, तर जावा डचांना परत मिळाले. राखलेली ठिकाणे बहुतेक सागरी मार्गांवरील नाकी आहेत, हे लगेच लक्षात येते. जावासारखे संपन्न बेट सोडण्यामागे, फ्रान्सच्या उत्तर सीमेवर नेदरलँड्सचे राज्य भक्कम उभे राहावे, हा हिशेब होता.

त्यानंतर ‘जमत होते का?’ आणि ‘हवे होते का?’ हे दोन प्रश्न वेगळे करावेत, कारण बहुतेक घोळ येथेच होतो. ट्रफाल्गरचा आरमारी विजय १८०५ चा आहे, आणि त्यानंतरही युद्ध जवळजवळ दहा वर्षे चालले. १८०९ मध्ये नेदरलँड्समधील शेल्ड नदीच्या मुखाजवळील वालखेरेन बेटावर सुमारे ४०,००० ब्रिटिश सैनिक उतरवले गेले. त्यांपैकी लढाईत जेमतेम शंभर पडले, पण दलदलीच्या तापाने सुमारे ४,००० दगावले आणि मोहीम गुंडाळावी लागली. वॉटर्लूवरील ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यातही ब्रिटिश शिपाई सुमारे एक तृतीयांशच होते. युरोप खंडावरील युद्ध ब्रिटन मित्रराष्ट्रांना पैसा पुरवून लढत होता, आणि ती मित्रराष्ट्रे लंडनसाठी फ्रान्स जिंकून द्यायला बांधलेली नव्हती. त्यात कर्जाचा डोंगर होता, आणि १८१६ मध्ये संसदेने सरकारचा विरोध डावलून प्राप्तिकरही रद्द केला.

इच्छेचा भाग तपासताना पत्रव्यवहार वाचावा. प्रशिया या जर्मन राज्याच्या गोटातून फ्रान्सचे अल्सेससारखे प्रांत तोडण्याची मागणी होत होती आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातही कठोर अटींकडे कल होता. परंतु परराष्ट्रमंत्री कॅसलरे आणि वेलिंग्टन यांनी त्याला विरोध केला. विजयचिन्हे गोळा करणे हे आपले काम नव्हे, तर जगाला पुन्हा शांततेची सवय लावता येते का हे पाहावे, अशा आशयाचे कॅसलरेने ऑगस्ट १८१५ मध्ये पंतप्रधान लिव्हरपूलला लिहिले. यात औदार्य शोधू नये. अपमानित फ्रान्स पुन्हा उठेल, आणि खंडावर पाय रोवलेल्या ब्रिटनविरुद्ध रशिया, ऑस्ट्रिया व प्रशिया एकत्र येतील, हा धोका त्याला दिसत होता. फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकची खंडणी आणि दीड लाखांची ताबा-फौज लादली गेली, पण १८१८ मध्ये ती फौज मागे घेतली गेली.

त्याच १८१८ साली पेशवाई बुडाली. मराठी वाचकाने ही तुलना टाळू नये, कारण फ्रान्स तोडू नये म्हणणारा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्लीच होय. माणूस तोच, मग धोरण उलटे कसे? वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. कंपनीच्या फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदी होते आणि त्यांचा पगार हिंदी महसुलातूनच निघत होता. येथे एक विजय पुढच्या मोहिमेचा खर्च भागवत असे, आणि शिंदे, होळकर, भोसले व पेशवे एकजुटीने उभे राहिले नाहीत. युरोपात या दोन्ही गोष्टी ब्रिटनच्या विरुद्ध होत्या. माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म या तुलनेत आहे, म्हणून उत्तरातील सर्वाधिक जागा तिला द्यावी.

शेवटी आपले उत्तर हॅनोव्हरवर तपासून पाहावे. १७१४ पासून ब्रिटनचा राजा या जर्मन राज्याचाही अधिपती होता, म्हणजे खंडावर पाय ठेवायला जागा आयतीच होती. तरीही १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली आणि पुरुष वारस असताना स्त्रीला राज्य न देण्याच्या तेथील नियमामुळे हॅनोव्हर तिचे काका अर्न्स्ट ऑगस्ट यांच्याकडे गेले, तेव्हा लंडनने ते जाऊ दिले.