डोक्याला मार लागलेला माणूस घरी आल्यावर घरच्यांनी काय करावं

मोटारसायकल घसरून किंवा झाडावरून पडून डोक्याला मार बसलेला माणूस नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यातून गावी परततो, तेव्हा बहुतेकदा टाके सुकलेले असतात. चालतो, बोलतो, जेवतो. थोड्याच दिवसांत गाव विचारू लागतं, "आता तं चांगला दिसते, मंग वावरात काहून नाही जात?" घरच्यांनाही कधीकधी तसंच वाटतं. पण हातपाय शाबूत असूनही लक्ष, आठवण, रागावरचा ताबा आणि आपणहून काम सुरू करण्याची क्षमता दुखावलेली असू शकते. तो आळशीपणा करत नाही. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, नंतर सावकाश, आणि वर्ष-दोन वर्षांनीही होत राहते. हा सगळा काळ बहुतेक घरातच जातो, म्हणून घरच्यांनाच शिकावं लागतं.

१. सुट्टी होण्याआधी

डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनची फिल्म एका पिशवीत ठेवा. फिजिओथेरपिस्टला फक्त "दाखवा" म्हणू नका. व्यायाम त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. माणूस अंथरुणालाच असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, न उतरणारी गुंगी, एका बाजूचा नवा अशक्तपणा, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

२. फिट आणि गोळी

महिनाभर फिट आली नाही म्हणून घरच्या घरी फिटची गोळी बंद केली जाते, आणि एकदम थांबवल्यामुळेच फिट येऊ शकते. गोळी फक्त डॉक्टरांनीच बंद करायची. फिट आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, वेळ बघा. तोंडात चमचा घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. कोणी "बाहेरचं आहे" म्हणालं आणि तुम्हाला देवळात जायचं असेल तर खुशाल जा, पण गोळी सोबत घेऊन. मोहाची असो की देशी, दारू पूर्ण बंद. दारूने फिटचा धोका वाढतो.

३. दिवस बांधून द्या

उठणं, चहा, आंघोळ, व्यायाम, जेवण, झोप, सगळं रोज त्याच वेळी. भिंतीवर पाटी लावा. वाचता येत नसेल तर चित्रं काढा. जखमी मेंदू लवकर थकतो, आणि थकला की चिडतो. म्हणून चिडण्याआधी विश्रांती द्या. मे महिन्यात व्यायाम ऊन चढायच्या आत उरका, उरलेला दिवे लागल्यावर. कूलरची घरघर, टीव्ही आणि चार माणसांचं बोलणं एकाच वेळी चालू असेल तर त्याला काहीच धड कळत नाही. टीव्ही बंद करा, समोर बसा, एक वाक्य बोला आणि उत्तरासाठी थांबा. वाक्य त्याच्या तोंडातून ओढून काढू नका.

४. काम काढून घेऊ नका, तुकडे करा

"राहू दे, मी करते" हे प्रेमाने म्हटलं जातं, आणि त्यानेच माणूस मागे राहतो. तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. कमजोर हात त्यातच वापरायला लावा. बकरीला पाणी पाजायचं असेल तर: बादली घे. अर्धी भर. कोठ्यात ने. खाली ठेव. एक पायरी झाली की पुढची सांगायची. काही दिवसांनी शेवटची पायरी सांगायची सोडा, मग त्याआधीची. चुकलं तरी हातातून हिसकावू नका.

विहीर, मोटर पंपाचा स्टार्टर, फवारणी, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल मात्र डॉक्टर सांगेपर्यंत नाही. डोक्याला दुसरा मार पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

५. रागाच्या वेळी

वाद घालू नका, "असं का केलंस" विचारू नका. आवाज कमी करा, पोरांना शेजारी पाठवा, थोडा वेळ खोलीबाहेर व्हा. नंतर वहीत लिहा: काय वेळ होती, भूक होती का, किती माणसं होती. हळूहळू कारण सापडतं. भेटायला येणाऱ्यांना एकेकट्याने यायला सांगा. वाईट वाटलं तर वाटू द्या. तो हात उचलत असेल तर तो आजाराचा भाग असू शकतो, पण मार सहन करणं हा सेवेचा भाग नाही. दूर व्हा आणि डॉक्टरांना सांगा.

६. गिळताना ठसका लागत असेल तर

पाणी आणि चहासारखं पातळच जास्त त्रास देतं. सरळ बसवून लहान घास द्या, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. किती घट्ट द्यायचं ते दवाखान्यात विचारूनच ठरवा.

७. सांभाळणाऱ्यांची पाळी

हे काम बहुतेक बायको किंवा आईवर येऊन पडतं, आणि दीर-जावई फक्त "कसा आहे आता?" विचारतात. त्यांना ठरावीक काम वाटून द्या: एकाने दवाखान्याच्या फेऱ्या, एकाने रात्रीची एक पाळी. मन फार खचलं तर टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं.

८. कागदपत्रं

बरीच कमतरता राहिली तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. ते मिळालं की एसटीच्या भाड्यात सवलत, आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. तपासणीच्या दिवशी वही सोबत न्या. डॉक्टरांपुढे पाच मिनिटं माणूस चांगलाच बोलतो, घरी काय होतं ते त्यांना त्या वहीतूनच कळतं.