आट्यांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी लेन्स आणि व्ह्यूफाइंडर कसा निवडावा

जुना रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे लेन्सबाहेरच्या खिडकीत पाहून अंतर जुळवायचा कॅमेरा, हाती आला की बहुतेकांचे लक्ष आधी लेन्सकडे जाते आणि वर बसवायचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे चौकट पाहण्याची खिडकी, हा पैसे उरले तर घ्यायचा दागिना ठरतो. ३९ मिलिमीटर आट्यांच्या लायका पद्धतीच्या कॅमेऱ्यांत मात्र हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, डोळा लेन्समधूनच पाहतो. येथे लेन्सची वाट वेगळी आणि डोळ्याची खिडकी वेगळी. लेन्स ३५ मिलिमीटरची (रुंद दृश्याची) लावली काय किंवा १३५ ची (दूरचे जवळ आणणारी), लायका ३एफ, फेड-२ किंवा झॉर्की-४ यांची मूळ खिडकी ५० मिलिमीटरचेच दृश्य दाखवत राहते. म्हणून लेन्स आणि व्ह्यूफाइंडर ही एकच खरेदी समजावी आणि ज्या लेन्ससाठी चांगला व्ह्यूफाइंडर मिळत नसेल ती लेन्स स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

लेन्स फिरवून बसवण्याची ही आट्यांची बैठक जर्मनीतील लाइट्झ कंपनीची. १९३० मध्ये लायकाची लेन्स बदलता येऊ लागली, पुढच्या वर्षी बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे पक्के झाले आणि १९३२ च्या लायका २ मध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला. पुढे खारकिव्हचा फेड, क्रास्नोगोर्स्कचा झॉर्की आणि जपानचा कॅनन यांनी हेच आटे उचलल्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्याला बसते. बसली म्हणजे जुळली, असे मात्र नाही. युद्धापूर्वीच्या फेडच्या लेन्स त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिलेल्या असत, त्यामुळे त्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर बिनधास्त वापरता येत नाहीत. नंतरच्या सोव्हिएत लेन्सची, विशेषतः ५० च्या ज्युपिटर-८ आणि ८५ च्या ज्युपिटर-९ ची, पुढे-मागे होण्याची चाल लायकाच्या रेंजफाइंडरशी पूर्ण जुळत नाही. दूरचे चित्र ठीक येते, पण अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे भोक, पूर्ण उघडे ठेवून एक-दीड मीटरवरचा चेहरा टिपला की डोळ्यांऐवजी कान रेखीव येतात. सोव्हिएत कॅमेऱ्याला सोव्हिएत लेन्स आणि लायका-कॅननला जर्मन किंवा जपानी लेन्स हा नियम सोपा आणि बहुधा बरोबर आहे. ३५ मिलिमीटरची ज्युपिटर-१२ याला अपवाद मानता येईल, कारण रुंद लेन्सची फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे रेखीव येणारा पट्टा, ती चूक पोटात घालते. या लेन्सचे मागचे भिंग बरेच बाहेर आलेले असते, त्यामुळे ती मागच्या टोपणाशिवाय टेबलावर ठेवू नये आणि आपल्या कॅमेऱ्यात ती आत कुठे टेकत तर नाही ना, हे अगदी हळू फिरवून पाहावे.

फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिलिमीटरचा आकडा, ठरवताना ५० आणि ३५ या दोनच आकड्यांचा विचार करावा. ५० ला वेगळा व्ह्यूफाइंडर लागत नाही, आत सरकणारी लाइट्झची एल्मार किंवा तिच्यासारखी सोव्हिएत इंडस्टार-२२ लावलेला कॅमेरा खिशात मावतो आणि नवख्याला एवढे पुरेसे आहे. रस्त्यावर, बाजारात, घरगुती समारंभात काम करणाऱ्याला मी ३५ सुचवेन. ३५ च्या लेन्सला अॅपर्चर ८ आणि अंतर ५ मीटर ठेवले, तर सुमारे अडीच मीटरपासून अनंतापर्यंतचे सारे रेखीव येते, म्हणजे रेंजफाइंडरच्या खिडकीत डोकावण्याची गरजच उरत नाही आणि डोळा फक्त वरच्या व्ह्यूफाइंडरला लावता येतो. ९० आणि १३५ च्या मागे लागू नये. त्या कामाला जुना एसएलआर अधिक योग्य आहे.

लेन्स प्रत्यक्ष पाहताना घाई करू नये. मुंबईत चोर बाजारात किंवा बोरा बाजारात विक्रेता लेन्स पुढून दाखवतो, आणि पुढून सगळ्याच लेन्स चकचकीत दिसतात. अॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरावा आणि पुढून, थोडे बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या मुळांसारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. काचेवर श्वास सोडल्यासारखा सलग पांढुरका थर दिसला तर तो तेलाच्या वाफेचा धुरकटपणा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात काही वर्षे चामडी केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी नसली तर नवल. कडेला असलेली थोडी बुरशी कारागीर काढू शकतो, मात्र तिने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल तर ते परत येत नाही. धुरकटपणा बहुतेकदा पुसला जातो, परंतु तो तसाच राहिला तर उन्हाकडे तोंड करून काढलेले प्रत्येक चित्र राखाडी येते. लाइट्झची ३५ ची समारॉन ३.५ या दोषासाठी प्रसिद्ध आहे. लाइट्झच्याच १९३३ च्या समार या लेन्सचे पुढचे भिंग इतके मऊ आहे की रुमालाने पुसून पुसून त्याची दुधी काच झालेली दिसते. याउलट एखाद-दुसरा ठळक ओरखडा किंवा अॅपर्चरच्या पात्यांवरचा तेलाचा पुसट डाग यांना घाबरू नये, आणि त्यांच्या नावाने किंमत मात्र जरूर पाडून मागावी.

एल्मार म्हणून इंडस्टार-२२ गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. खऱ्या एल्मारमध्ये अॅपर्चरची पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात, तर इंडस्टारमध्ये ती दुसऱ्या भिंगाच्या मागे, म्हणजे अधिक खोल दिसतात.

आता व्ह्यूफाइंडर. एकाच फोकल लेंग्थचा, आत उजळ चौकट तरंगताना दिसणारा व्ह्यूफाइंडर सर्वांत उत्तम. लाइट्झचा ५० चा एसबीओओआय दृश्य जवळजवळ मूळ आकारात दाखवतो, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि चौकट समोरच्या जगावर ठेवल्यासारखी भासते. ३५ साठी लाइट्झचा एसबीएलओओ महाग पडतो. कोसिना कंपनीने १९९९ पासून व्हॉइग्टलेंडर या नावाने काढलेले व्ह्यूफाइंडर त्या मानाने परवडतात. क्रास्नोगोर्स्कचा फिरत्या चकतीचा व्ह्यूफाइंडर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशी पाच दृश्ये देतो, पण तो बोजड आहे आणि गडबडीत चकती चुकीच्या आकड्यावर राहते. लाइट्झचा जुना व्हीआयडीओएम डावे-उजवे उलटे दाखवतो, म्हणून घेण्यापूर्वी त्यातून दुकानाची पाटी वाचून पाहावी. पांढऱ्या भिंतीकडे पाहिल्यावर पिवळी झाक, काळे ठिपके किंवा कडेला इंद्रधनुषी पट्टे दिसले तर आतला आरसा किंवा भिंगांमधला डिंक गेला आहे असे समजावे. चष्मा असेल तर तो लावूनच पाहावे आणि चारही कोपरे एकदम दिसत नसतील तर तो व्ह्यूफाइंडर आपला नव्हे. कॅनन ७ वर व्ह्यूफाइंडर बसवण्याची वरची खाच मुळातच नाही, हेही खरेदीपूर्वी लक्षात असू द्यावे.

खाचेत बसवलेल्या व्ह्यूफाइंडरचा डोळा लेन्सपेक्षा साधारण ६ सेंटिमीटर वर असतो. १० मीटरवर हा फरक जाणवत नाही. १ मीटरवर मात्र ५० ची लेन्स आडव्या चौकटीत सुमारे ४८ सेंटिमीटर उंचीचेच दृश्य घेते, म्हणजे वरचा आठवा हिस्सा कापला जातो. ८५ च्या लेन्सने १.२ मीटरवर तर सहाव्या हिश्शाहून अधिक. एका मुंजीत मी फिरत्या चकतीच्या व्ह्यूफाइंडरची, अंतरानुसार त्याला खाली झुकवणारी, मागची कळ अनंतावरून जवळच्या अंतरावर आणायला विसरलो, आणि मातृभोजनाच्या सहाही चित्रांत ताट, आईचा हात आणि बटूचे नाक तेवढे आले. अंतर लावण्याची कळ असलेला व्ह्यूफाइंडर म्हणूनच उपयोगी, पण ती कळ हलवण्याची सवय नसेल तर साधा व्ह्यूफाइंडर घेऊन जवळच्या विषयासाठी कॅमेरा जरा वर उचलणे बरे.

घरी आल्यावर जोडी तपासावी. झॉर्की-४ आणि फेड-२ यांची पाठ निघते, त्यामुळे फिल्मच्या रुळांवर बटर पेपर ताणून चिकटवावा, कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर चढवावे, ते बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते त्या खुणेवर) आणून कुलूप लागणाऱ्या केबलने उघडे ठेवावे आणि खिडकीच्या गजांकडे रोखावे. कागदावर उलटी दिसणारी कडेची गजाची ओळ आणि व्ह्यूफाइंडरमधली ओळ एकच आहे का, ते पाहावे. खालून फिल्म भरायच्या लायकात हे जमत नाही. तिथे एक रोल खर्चून फरशीच्या भिंतीची चित्रे १, २ आणि ५ मीटरवरून काढावीत आणि चौकटीच्या कडेला कोणती फरशी दिसत होती ते टिपून ठेवावे. व्ह्यूफाइंडर खाचेत हलत असेल तर पायाखाली पोस्टकार्डाची पट्टी सरकवावी. निगेटिव्ह धुऊन आल्यावर प्रत्येक अंतराला किती फरशा कमी पडल्या ते मोजून तेवढा आकडा केसच्या झाकणाच्या आत चिकटवावा. माझ्या केसमध्ये १ मीटरपुढे ‘कपाळाच्या वर चार बोटे’ असे लिहिले आहे.