कोलेस्टेरॉल विनाकारण उतरले असेल तर अहवाल कसा वाचावा

कोलेस्टेरॉल वाढले की खान्देशातल्या घरात शेवभाजीची तर्री आणि भरितातले तेल लगेच कमी होते. उतरले की कोणी चौकशी करत नाही. अहवालही त्यास हातभार लावतो, कारण त्यावर एकूण कोलेस्टेरॉलसमोर बहुधा '२०० पेक्षा कमी' एवढीच मर्यादा छापलेली असते आणि ११८ हा आकडा कोणत्याही खुणेविना निमूट पुढे जातो.

कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू काहीसे अधिक असल्याचे काही जुन्या पाहण्यांत दिसले आणि 'कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी कर्करोग होतो' ही समजूत पसरली. प्रत्यक्षात क्रम बहुतांशी उलटा आहे: अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशी वाढीसाठी कोलेस्टेरॉल ओढून घेतात, भूक मंदावते, आणि निदान होण्यापूर्वीच आकडा घसरू शकतो. म्हणूनच पाहणीच्या सुरुवातीच्या वर्षांतील मृत्यू वगळले की हा संबंध बराच क्षीण होतो. जनुकामुळे ज्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी असते त्यांना कर्करोग अधिक होतो का, हे तपासावे, असे डच पोषणशास्त्रज्ञ मार्टाइन काटान यांनी १९८६ मध्येच सुचवले होते, कारण त्यांचा आकडा आजारामुळे उतरलेला नसतो. शिवाय स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या, मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात कर्करोगाचे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत.

तेव्हा आधी जुने अहवाल काढून तारखेप्रमाणे शेजारी ठेवावेत. एका आकड्यापेक्षा घसरण अधिक बोलकी असते. टायफॉइड, न्यूमोनिया किंवा हृदयविकाराचा झटका यांच्या दिवसांत कोलेस्टेरॉल तात्पुरते उतरते, त्यामुळे अशा वेळचा अहवाल बाजूला ठेवून बरे झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. स्टॅटिन सुरू असेल किंवा ठरवून वजन उतरवले असेल, तर कारण उघड आहे. तसे काही नसताना आकडा २१० वरून १४० वर आला असेल, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉईड व यकृत तपासून घ्यावे. त्याच भेटीत कपडे सैल होणे, जेवण कमी होणे, शौचातून रक्त जाणे, महिनोन्महिने टिकलेला खोकला हे न विचारताही सांगावे.

घसरण म्हणजे कर्करोग नव्हे, आणि सामान्य आकडा म्हणजे कर्करोग नसल्याची हमीही नव्हे. तंबाखू-चुना मळणाऱ्याने किंवा गुटखा खाणाऱ्याने अहवाल कसाही असला तरी तोंडातील पांढरा चट्टा अथवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवलीच पाहिजे. स्टॅटिन मात्र स्वतःहून थांबवू नये. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.