भाड्याच्या दुर्बिणीतून आकाशाचे फोटो: या चुका टाळा

देवयानी दीर्घिकेचा माझा पहिला फोटो मी घरबसल्या, इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीतून काढला, आणि तिथेच चुकलो. न्यू साऊथ वेल्समधली सायडिंग स्प्रिंग वेधशाळा ३१ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि देवयानी खगोलीय विषुववृत्ताच्या ४१ अंश उत्तरेला. म्हणजे तिथून ती क्षितिजाच्या वर जेमतेम १८ अंश चढते. इतक्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या मानाने तिपटीहून जास्त हवेतून येतो. तारे फुगले, रंग लालसर झाले, पैसे गेले. दुर्बीण, कॅमेरा, आकाश सगळं उत्तम होतं. जागा मी चुकीची निवडली होती.

म्हणून बुकिंगआधी एक वजाबाकी करा. वस्तूचा क्रांतिअंश (ती खगोलीय विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा) आणि ठिकाणाचा अक्षांश यांतला फरक ९० मधून वजा केला की वस्तू जास्तीत जास्त किती वर येईल ते कळतं. दक्षिणेचे अंश ऋण धरायचे. उत्तर ३० पेक्षा कमी आलं तर दुसरं ठिकाण किंवा दुसरी वस्तू शोधा. कॅरिना तेजोमेघ पुण्याहून फार तर ११-१२ अंश वर येतो, सायडिंग स्प्रिंगहून मात्र ६० च्या पुढे. आपला अगस्त्य ताराही त्याच तारकासमूहातला. दक्षिणेचं आकाश भाड्याने घ्यायचं ते अशा वस्तूंसाठी. देवयानीसाठी स्पेन किंवा अमेरिकेतलं युटा बरं.

दक्षिणेचं आकाश घ्यायला आपल्याला तर आणखी एक कारण आहे. धनू-वृश्चिकेतला आकाशगंगेचा सगळ्यात श्रीमंत भाग वर येतो तेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो. जूनअखेर तोच भाग सायडिंग स्प्रिंगला मध्यरात्री अगदी डोक्यावर असतो, आणि तेव्हा आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. बाहेर पाऊस पडत असताना लगून तेजोमेघाची पहिली फ्रेम उतरताना पाहणं हा आनंद मी कुणालाही चुकवू देणार नाही.

तारखेचा घोळ

बुकिंगची वेळ बहुतेक ठिकाणी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीत असते. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास. चिलीची रात्र आपल्याकडे सकाळी असते, त्यामुळे तारीख हमखास चुकते. वेळ कागदावर यूटीत लिहून काढा आणि मगच बटण दाबा.

दुर्बीण मोठी, फोटो वाईट

मोठी दुर्बीण पाहिली की हात तिकडेच जातो. पण फोटोची चौकट ठरते फोकल लेंग्थ (भिंग किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर. २३.५ मिमी रुंदीचा सेन्सर २००० मिमी फोकल लेंग्थवर जेमतेम ०.६७ अंश दाखवतो, ३८० मिमीवर साडेतीन अंश. देवयानी सुमारे तीन अंश लांब आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट. मोठ्या दुर्बिणीत तिचा फक्त गाभा येईल. उलट स्वरमंडलातला एम५७ हा कंकणाकृती तेजोमेघ दीड कलेपेक्षाही लहान (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). छोट्या दुर्बिणीत तो चाळीसेक पिक्सेलचा ठिपका होतो. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्बीण आणि सेन्सरचे आकडे घातले की चौकट आधीच दिसते, आणि ते फुकट आहे.

चांदण्या रात्रीची सवलत

पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण भाड्याने देणाऱ्या काही सेवा दर कमी करतात. त्या रात्री दीर्घिका घेऊ नका, पार्श्वभूमी राखाडी होते. हायड्रोजन-अल्फा फिल्टर मात्र ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासचाच लाल प्रकाश आत सोडतो, म्हणून त्या प्रकाशात चमकणारा तेजोमेघ तेव्हाही चालतो. ऑक्सिजनच्या फिल्टरला चांदणं बऱ्यापैकी त्रास देतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते वेळ वाटून टाकण्यात. तीन तासांत सहा वस्तू घेतल्या की सहाही कच्च्या राहतात. गोंगाटाच्या मानाने सिग्नल दुप्पट हवा तर चौपट वेळ लागतो, यातून सुटका नाही. एकच वस्तू घ्या. कॅमेरा मोनो (कृष्णधवल, रंग फिल्टर लावून वेगवेगळे घेणारा) असेल तर ल्युमिनन्स, म्हणजे सगळ्या रंगांचा एकत्र उजेड, ९० मिनिटं, लाल-हिरवा-निळा प्रत्येकी ३०. एक रंग संपवून दुसरा धरू नका, आळीपाळीने फिरवा. नाहीतर ढग आले की निळा राहून जातो आणि फोटोला रंगच मिळत नाही. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून जमलं तर वस्तू सर्वांत वर असताना तो घ्या. आधी एकच चाचणी फ्रेम काढून तारे गोल आहेत का, गाभा जळालाय का, ते पाहा. मृगातल्या तेजोमेघाचा गाभा पाच मिनिटांत पार पांढरा होतो, त्याला वेगळ्या छोट्या फ्रेम लागतात.

फाइल उघडली, सगळं काळं

घाबरू नका. फिट्स या खगोल-फोटोंच्या फाइलमध्ये डेटा रेषीय, म्हणजे कॅमेऱ्याने मोजला तसाच, असतो, सगळा उजेड हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या टोकाला दाटलेला. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ऑटोस्ट्रेच दाबा, तेजोमेघ समोर येईल.

चारही कोपरे उजळ आणि धुळीची वर्तुळं पांढरी दिसत असतील तर बहुधा फ्लॅट (कोपऱ्यांचा अंधार आणि धुळीचे डाग घालवणारी फ्रेम) दोनदा लागलाय. बऱ्याच सेवा कच्ची आणि कॅलिब्रेट केलेली (हे दोष आधीच काढलेली) अशा दोन्ही फाइली देतात. दुसरी घेतली तर पुन्हा डार्क (सेन्सरचा स्वतःचा गोंगाट घालवणारी फ्रेम) किंवा फ्लॅट लावायचे नाहीत, थेट स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकमेकींवर रचणं.

अर्ध्या फ्रेम उलट्या दिसल्या तर तो मेरिडियन फ्लिप. वस्तू मध्यान्हरेषा (आकाशात डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते तेव्हा दुर्बीण उलटी वळते, स्टॅकिंग ते स्वतः जुळवून घेतं.

आणि तारे लांबट आले किंवा ढग शिरले तर गप्प बसू नका. त्या फ्रेम आणि रात्रीचा लॉग जोडून लगेच कळवा. हवामान किंवा यंत्रामुळे वाया गेलेला वेळ अनेक सेवा परत देतात, पण मागितला तरच.