पक्ष्याविना शोध : लॅब्राडोरला वाऱ्यावर काम शिकवताना

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि कॉकर स्पॅनियल या जाती घडवल्या गेल्या त्याच मुळी रानात पक्षी शोधून, न चावता मालकाच्या हातात आणून देण्यासाठी. अमेरिकेत काही ठिकाणी फार्मवर वाढवलेले फेझंट (कोंबडीच्या कुळातले, लांब शेपटीचे रानपक्षी) सरकारी जमिनीवर सोडतात आणि कुत्रा गवतातून नागमोडी फिरत ते उठवतो. आपल्याकडे हे करायचं नाही. मोर, तित्तर, लावा, रानकोंबडा हे फेझंटचेच भाऊबंद, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. हाकणं, पकडणं, कुत्रा मागे लावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. ‘आमचा नुसता पळवतो, धरत नाही’ ही सबब तिथे चालत नाही.

पण नाकाला काम द्यायला पक्षी लागत नाही. कापडी डमी, थोडी पिसं आणि वारा एवढ्यावर हे सगळं शिकवता येतं. फ्लॅटमध्ये दिवसभर बसून सोफा कुरतडणाऱ्या लॅबला तर याची फार गरज असते.

जागा आधी. पुण्यातल्या वेताळ टेकडी आणि तळजाई यासाठी नाहीत. तिथे मोर आहेत, तित्तर आहेत, सकाळी माणसांची वर्दळ असते. तिथे कुत्रा पट्ट्यातच हवा. सरावासाठी सासवड, मुळशी, खेड शिवापूर अशा बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याचं मोकळं रान मिळवावं, आणि परवानगी प्रत्येक वेळी नव्याने घ्यावी. बाजरी किंवा ज्वारी काढलेलं रान नको, धसकटं पंजात घुसतात. भुईमूग काढलेलं वावर आणि त्याच्या बांधावरचं गुडघाभर गवत उत्तम. दिवाळीनंतर शेजारी धनगरांचा वाडा उतरला असेल तर त्या दिवशी परत फिरावं. मेंढरं आणि राखणीची कुत्री यांच्यामध्ये आपला कुत्रा सोडणं धोक्याचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत टिटवी, तित्तर असे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा रानात कुत्रा मोकळा सोडूच नये.

डमी घरी होते. जुन्या जीन्सचा पाय ३० सेंटीमीटर कापायचा, चिंध्या दाबून भरायच्या, जाडी मनगटाएवढी ठेवायची, दोन्ही तोंडं शिवायची आणि एका टोकाला हातभर दोरी. वजन ४०० ते ५०० ग्रॅम. फार हलकी डमी कुत्रा उधळत खेळतो, फार जड डमी तो एका टोकाला धरून फरफटवतो. शिवाय १० मीटरचा लांब पट्टा आणि प्लॅस्टिकची एक शिट्टी. एक लांब फुंक म्हणजे ‘बस’, दोन आखूड म्हणजे ‘वळ’, भराभर चार-पाच म्हणजे ‘ये’. घरातल्या सगळ्यांनी हीच भाषा वापरायची.

पहिले दोन आठवडे घरातल्या पॅसेजमध्येच. दोन्ही बाजूंना भिंत असली की डमी तोंडात घेऊन कुत्र्याला पळायला तुमच्याकडेच यावं लागतं. तो जवळ आला की झडप घालू नका. आधी छाती खाजवा, मग जबड्याखाली हात धरा, ‘दे’ म्हणा आणि उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. ओढाताण केली की तो दात रुतवायला शिकतो, आणि ती खोड पुढे जाता जात नाही. याच कारणाने रस्सीखेचीचा खेळ या काळात पूर्ण बंद. दिवसाला पाच-सहा फेकी पुरे. त्यातल्या दोन डमी तुम्ही स्वतः उचलून आणा, कुत्रा बसूनच राहील. नाहीतर हात हलला की धावायचं, एवढंच तो शिकतो.

आता रान. उतरल्यावर चिमूटभर टाल्कम पावडर किंवा कोरडी माती हवेत सोडा आणि ती कुठे जाते ते पाहा. हिवाळ्यात पहाटे उताराच्या जागी थंड हवा हळूहळू खाली सरकते, ऊन चढलं की तीच उलटते. म्हणून वारा दर दहा मिनिटांनी बघायचा. डमी वाऱ्याच्या तोंडाकडे, डाव्या-उजव्या गवतात आधीच लपवून ठेवा. कुत्रा तेव्हा गाडीत. मग वारा तोंडावर घेऊन तुम्ही सरळ चाला आणि कुत्र्याला हाताने एका बाजूला पाठवा. १५ मीटरवर गेला की दोन आखूड शिट्ट्या, आणि तुम्हीही त्याच क्षणी दुसऱ्या दिशेला वळा. या नागमोडी चालीत वासाचा पट्टा कुठे ना कुठे आडवा येतोच. वारा पाठीमागून असेल तर तोच कुत्रा डमीला पार करून पुढे जातो आणि मग मागे येतो. त्यात त्याची चूक नसते.

वास लागल्याचा क्षण ओळखायला शिका. डोकं एकदम वळतं, धाव आखूड होते, शेपूट बुडापासून झपाझप हलू लागते आणि नाकपुडी फुगून पुन्हा पुन्हा फुरफुरते. अशा वेळी तुम्ही गप्प राहायचं. ‘शोध, शोध’ म्हणून ओरडलात की तो मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि धागा तुटतो. सर्वांत जास्त कुत्री इथेच बिघडतात.

डमी सहज सापडू लागली की तिच्यावर गावरान कोंबडीची आपोआप गळलेली सुकी पिसं दोन रबरांनी बांधा. रानात पडलेली जंगली पक्ष्यांची पिसं वापरू नयेत. आता मागाचा, म्हणजे जमिनीवरच्या वासावरून शोधण्याचा सराव. या कुत्र्यांच्या मूळ कामात जखमी फेझंट उडत नाही, पळतो, म्हणून हा भाग महत्त्वाचा. दहा मीटरच्या दोरीच्या मध्यावर डमी बांधा, दोन टोकं दोन माणसांनी धरून ३० मीटर ओढत न्या. एकट्याने ओढली तर कुत्रा तुमच्या पावलांचाच माग काढतो. माग वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा पाठीवर ठेवून टाका. समोरून वारा असेल तर तो नाक जमिनीला लावणारच नाही, थेट हवेतला वास धरून डमीकडे जाईल. दहा मिनिटं थांबा आणि मग लांब पट्ट्यावर सोडा.

सकाळी साडेआठपर्यंत काम संपवा. एका वेळी तीन-चार मिनिटं, मग सावली आणि पाणी. जीभ चमच्यासारखी पसरली, गर्द लाल झाली किंवा चालताना झोक जाऊ लागला तर लगेच थांबा, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि डॉक्टरांकडे निघा. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. दाट गवतात आणि दगडांच्या ढिगाजवळ घोणस, फुरसे असतात. डमी तिथे टाकूच नका.

गाडीत बसवण्याआधी बोटांमधल्या फटी, कानाची आतली बाजू, काख आणि शेपटीचं मूळ बोटांनी चाचपा. कुसळ कानात गेलं की कुत्रा डोकं एका बाजूला झटकत राहतो. ते घरी चिमट्याने खोलवर शोधू नका, डॉक्टरांना काढू द्या. गोचीड मात्र तिथेच, कातडीला लागून बारीक चिमट्यात धरून सरळ ओढा. तूप, रॉकेल लावत बसू नका.